उरलेला एक

"अहो, तुमचा डबा ओरडतोय."

उस्तादांच्या तोंडाला साबण होता आणि दाढी निम्मी झाली होती. "काय म्हणतोय?" त्यांनी न्हाणीघरातूनच विचारलं.

"मला काय कळतंय? मघापासून नुसतं पीक-पीक चाललंय. आणि लाल दिवा लागलाय."

लाल दिवा म्हटल्यावर उस्ताद तसेच बाहेर धावले. वाटेत खुर्चीला ठेचकाळले. ओरडणाऱ्या वायरलेस सेटचं बटण दाबलं. दिवा हिरवा झाला आणि पथकप्रमुख बाईंचा आवाज आला, "झाली एकदाची चावी. क्रेन, डावीकडची तुळई उचला. हळू. खाली माणूस आहे."

उस्ताद सेटला कान लावून तिथेच बसले.

त्यांचा उभा जन्म बचाव पथकाचे वायरलेस सेट सांभाळण्यात गेला होता. इमारत कोसळते तिथे टॉवर नसतो. असला तर तोही कोसळलेला असतो. म्हणून हे सेट मध्यस्थाशिवाय एकमेकांशीच बोलत. भलत्याने मध्ये घुसून भलतं सांगू नये म्हणून बोलण्याला कुलूप असे. पूर्वी त्याची चावी मुख्यालयातून यायची. मुख्यालय जेवायला उठलं की पथक मुकं. मग नवे सेट आले. यांत चावी कुणी देत नाही, सगळे मिळून बनवतात.

"पातेलं एकच," उस्ताद नव्या माणसांना शिकवत. "प्रत्येकाने बटण दाबून आपली चिमूट टाकायची. कुणी काय टाकलं ते कुणाला कळत नाही. सगळ्यांची पडली की चावी तयार. एकाची राहिली, तर कुणाचीच नाही. माणूस आला की नवी चावी, गेला की त्याला वगळून नवी. गेलेला कितीही गोड असो."

मग ते स्वतः निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी बाईंनी त्यांचा वापरातला सेट कागदोपत्री भंगारात दाखवला आणि त्यांच्याच हातात ठेवला. वगळायचं बटण कुणी दाबलं नाही. नियम प्रेमाने मोडला की त्याची चौकशी होत नाही. उस्तादांनीही 'मला काढा' म्हटलं नाही. तेव्हापासून घरात पथक नांदू लागलं. भाजी निवडताना बायको ड्रायव्हरची कुरकुर ऐकायची आणि म्हणायची, "याची बॅटरी आजही संपणार बघा."

आज क्रेनवाला नव्याने गटात आला होता. म्हणजे नवी चावी. आणि उस्ताद दाढी करत होते.

तुळईखालचा माणूस जिवंत निघाला. बाईंनी ते सेटवर सांगितलं तेव्हा साबण उस्तादांच्या गालावर वाळून गेला होता.

दुसऱ्या दिवशी सेट पिशवीत घालून ते पथकाच्या शेडमध्ये गेले.

"या उस्ताद," ड्रायव्हर म्हणाला. "काल माझी काय शोभा झाली, ऐकलंत ना? सेटवर दिसत होतं, एक बाकी. सगळे माझ्यावरच तुटून पडले. दाबलं म्हणून शपथ घेतली तरी कुणी ऐकेना."

"तुझी कीर्तीच तशी आहे," बाई म्हणाल्या.

"तो एक मी होतो," उस्ताद म्हणाले.

ड्रायव्हरने उगाचच चाकाला लाथ घालून हवा तपासली.

"आमच्या डोक्यातच आलं नाही हो," बाई हळूच म्हणाल्या. "तुम्ही गेलाय, हेच कुणाच्या लक्षात राहत नाही."

"हे ऐकून बरं वाटलं. आता मला काढा."

"उस्ताद, राहा की गटात. फार तर सेट कायम हाताशी ठेवा."

"आणि झोप लागली तर? तो माणूस जिवंत निघाला म्हणून मी आज इथे तोंड दाखवतोय. गट सोडणाऱ्याला स्वतःला काढता येत नाही, बाई. उरलेल्यांनीच करायचं असतं. मीच शिकवलंय."

बाईंनी आपला सेट उचलला. एकेकाने बटण दाबलं. शेवटी ड्रायव्हर राहिला.

"दाब रे. का आजही बॅटरी संपली?" उस्ताद म्हणाले.

"आज भरलेली आहे," तो म्हणाला आणि खाली बघून त्याने बटण दाबलं.

उस्तादांच्या सेटवरचा हिरवा दिवा गेला. त्यांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. "इतके दिवस मोजलंत मला," म्हणाले, "फार झालं."

संध्याकाळी बायको दाराशी थांबली. सेटमधून नुसती खरखर येत होती. थांबत होती, पुन्हा येत होती.

"बिघडला का हो?"

"नाही. चोख चाललाय. मला कुलूप लागलंय, एवढंच."

"मग ऐकताय काय?"

"ही लांबलचक आहे ना, ती बाईंची. त्यांना थोडक्यात बोलता येत नाही. ही तुटक, मध्येच मेलेली, ती ड्रायव्हरची."

बायको शेजारी बसली. बराच वेळ खरखर चालली. मग एकामागून एक छोट्या-छोट्या खरखरी झाल्या आणि सेट शांत झाला.

"आता?"

"हजेरी झाली. सगळे परत निघाले," उस्ताद म्हणाले, आणि उठून त्यांनी सेट चार्जिंगला लावला.