पापणीच्या आतला रंग

सोनाजीनं मेंढीला दोन्ही गुडघ्यांत दाबून धरलं, डाव्या हातानं तिचं तोंड वर केलं आणि उजव्या अंगठ्यानं तिच्या डोळ्याची खालची पापणी हळूच ओढली.

"बघ. काय दिसतं?"

पारू वाकली. सात वर्षांची नात, पण असल्या कामात तिचा चेहरा म्हाताऱ्यासारखा गंभीर व्हायचा.

"गुलाबी."

"किती गुलाबी?"

"लाल पेरूच्या गरावानी."

"शाबास. सोड तिला."

दुसरी मेंढी कानतुटी. कळपात सगळ्यात गरीब. तिची पापणी ओढल्यावर पारू आणखी जवळ वाकली.

"आबा, हिचं पांढरं हाय. चुन्यावानी."

"आता लोकर फाकव. आत बोट घाल. कातडं कसं लागतं?"

"कोरडं. शिळ्या भाकरीवानी."

"तेच. रगत कमी पडलंय. चारा टाकला की बाकीच्या हिला ढुसण्या देत्यात, हिच्या वाट्याला तळातलं येतं. मेंढी तोंडानं सांगत नाय पारू, कातडं सांगतं. मंग काय करायचं?"

"लाल चिंधी बांधायची. आन् आधी हिला चारायचं."

"बांध मंग."

एकच गोष्ट चार वेळा सांगायचा सोनाजीला कधी कंटाळा येत नसे. एके काळी त्याच्याकडं सव्वाशे मेंढ्या होत्या. चिकलठाण्याच्या कंपन्या एकेक कुंपण घालत त्याच्या गावापर्यंत आल्या आणि चरायचं रान आकसत गेलं. आता चौदा मेंढ्या आणि दोन शेळ्या उरल्या होत्या. रान गेलं तसा पोरगा भिकन मालट्रकवर हमालीला लागला. आठवड्यातून एक-दोनदा घरी यायचा. सून सखू खोक्यांच्या कारखान्यात जायची. पुठ्ठा कापायचा, दुमडायचा, खळ लावायची, चिकटवायचा. सकाळी सातला घर सोडायची, दिवेलागणीला परत.

त्या संध्याकाळी सखूनं त्याच्यासमोर ताट ठेवलं. पदर नाकापर्यंत ओढलेला. लग्न होऊन नऊ वर्षं झाली, पण सोनाजीनं सुनेचा चेहरा नीट पाहिला नव्हता. तशी रीतच होती. सासऱ्यानं सुनेकडं मान वर करून बघायचं नाही, तिच्याशी थेट बोलायचं नाही. काही सांगायचं तर पोराबाळाच्या तोंडून सांगायचं. तिचे फक्त हात त्याच्या ओळखीचे होते. लग्नाच्या वर्षी ते हात गव्हाळ होते, तुकतुकीत. बांगड्या मागं सारून पीठ मळताना चुलीच्या उजेडात चमकायचे.

आज भाकरी वाढणारा हात राखेसारखा दिसला. बोटांवर खळ वाळून पापुद्रे निघाले होते. पण सोनाजीचं लक्ष पापुद्र्यांवर नव्हतं. नखं बघत होता तो. नखांखाली रंगच नव्हता.

भाकरी न मोडता तो तसाच बसला.

"आबा, जेवा की," पारू म्हणाली.

दोन दिवसांनी भिकन आला तो शहरातल्या क्रांती चौकातून तोंडाला लावायच्या क्रीमची ट्यूब घेऊनच. सोनाजीनं त्याला मेंढ्यांपाशी गाठलं.

"पारूच्या आईचं आंग उतरलंय. बघितलं का?"

"बघितलं की. म्हणून तर क्रीम आणली. पुठ्ठ्याची धूळ लई बेकार असती आबा. कंपनीतल्या सगळ्या बाया लावत्यात."

"वरून लावून काय व्हतं? आतलं बघाय पायजे."

"तुमी मेंढीचं बघा," भिकन हसला. "बाईमाणसाचं तुमाला काय कळतं?"

सोनाजी मेंढ्यांकडं वळला. सुनेच्या अंगाबद्दल सासऱ्यानं याहून जास्त बोलणं बरं दिसलं नसतं.

सखूनं आठ दिवस क्रीम लावली. चेहऱ्याला वास आला, रंग काही आला नाही. शेजारच्या भामाबाईनं डाळीचं पीठ, हळद आणि साय सांगितली, तीही झाली. मग एक दिवस पाण्याची घागर घेऊन येताना सखू वाटेतच मटकन खाली बसली. घागर फुटली नाही, पण सोनाजीनं ते दावणीपासून पाहिलं. उठून दोन पावलं गेला, आणि थांबला. सुनेला हात कसा द्यायचा? पारू पळत गेली.

रात्री उरलेली क्रीम त्यानं कानतुटीच्या भेगाळल्या नाकपुडीला चोळली.

"आबा, आता ही गोरी व्हईल का?" पारूनं विचारलं.

"व्हय तर. उद्या हिला बघायला पावणे येणार." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "पारू, एक काम कर. आईच्या मांडीवर जाऊन बस. खेळ म्हणून तिची पापणी बघ. शिकवलंय तशी, हलकी."

पारू आत गेली. आतून सखूचं हसणं ऐकू आलं. "अगं अगं, डोळा फोडती का काय!" मग हसणं थांबलं. पारू बाहेर आली ती पळत नाही, चालत.

"आबा," ती म्हणाली, "कानतुटीवानी."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी सोनाजी ताटावर बसलाच नाही. दारातून म्हणाला, "पारू, आईला सांग, इथनं पुढं मी मागून जेवणार. आधी तुमी दोघी जेवा."

आतून पारूचा आवाज आला. "आबा, आई म्हणती असं कुठं असतं का?"

"असतं म्हणावं. माझ्या दावणीला असतं."

आणि तो मेंढ्यांत जाऊन बसला. पारूनं 'झालं' म्हटल्याशिवाय उठायचा नाही. शेळीचं दूध हॉटेलवाल्याला जायचं, त्यातलं एक तांब्याभर घरात राहू लागलं. हुलग्याचं माडगं रोज शिजू लागलं. शेंगदाणे नि गूळ कुटून सोनाजीनं स्वतः लाडू वळले आणि पारूच्या हाती आत पाठवले. एका सकाळी पारूनं सांगितलं की आईनं सरकारी दवाखान्यातून, घाटीतून, लाल गोळ्या आणल्यात. कुणाबरोबर गेली होती ते पारूला ठाऊक नव्हतं.

तीन आठवड्यांत कानतुटीच्या पापणीत फिकट गुलाबी उतरलं. भाकरी वाढणारा हात मात्र जवळजवळ तसाच होता.

"लाडू खाती का आई?"

"डब्यात नेती. दूध पण बाटलीत नेती. म्हणती, तिथं खाते."

सोनाजीनं मान हलवली. मेंढी चारा तोंडात घेते आणि तरी भरत नाही, म्हणजे कुठंतरी गळती असते. ती शोधायला लागते.

त्या हिवाळ्यात नामांतराचं पुन्हा पेटलं होतं. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं की नाही, यावर भिंती रंगल्या होत्या, बंद होत होते, एसटीच्या काचा फुटत होत्या. गावच्या पारावर बैठक बसली होती. बौद्ध वस्तीशी येणं-जाणं, देणं-घेणं बंद, असं तिथं ठरलं. सोनाजीही बसला होता. त्याला कुणी विचारलं नाही. सगळ्यांनी माना हलवल्या तशी त्यानंही हलवली होती.

एका दुपारी अचानक बंद झाला. टेम्पो नाहीत, बस नाही. कारखान्यानं बायकांना मधल्या सुट्टीतच सोडलं आणि जो तो आपापल्या माणसाला आणायला निघाला. भिकन गाडीवर होता. सोनाजीनं खांद्यावर घोंगडी टाकली, पारूचं बोट धरलं आणि चालत निघाला.

कारखान्याच्या फाटकाबाहेर लिंबाखाली बायका घोळक्याघोळक्यानं बसल्या होत्या. सखू एका कडेला होती. समोर डबा उघडा. इथं तिच्या डोक्यावर पदर होता, पण तोंडावर नव्हता. सोनाजीनं नजर खाली घेतली, आणि म्हणून त्याला डबाच आधी दिसला. दोन लाडू होते. सखूनं एक समोरच्या बाईच्या हातावर ठेवला. दुधाची बाटली अर्धी पिऊन तिच्याकडं सरकवली.

त्या बाईचा हात पाहून सोनाजी जागीच थांबला. राखेचा रंग. नखं कागदासारखी.

"मामंजी!" सखू दचकून उठली. पदर झर्रकन नाकावर आला. समोरची बाईही उठली, लाडू मुठीत दडवत.

सखू सासऱ्याशी कधी बोलली नव्हती. आता पदराआडून, पारूकडं बघत, भराभर बोलू लागली. "पारू, आबांना सांग, ही मालनबाई. पलीकडच्या वस्तीवरची. हिचा मालक कचरूभाऊ नामांतराच्या सत्याग्रहात धरून नेलाय. दोन म्हयने झाले. तीन लेकरं हायेत. सगळ्यांना वाढून ही काय खाती ते... सांग आबांना, मला चक्कर आली तवा हिनंच धरलं. कापायचं पातं चालू व्हतं. एक वीत राहिलं व्हतं."

"पारू तरी किती सांगंल?" मालनबाई म्हणाली. आवाज बसका, पण सरळ. "मीच सांगते. बाबा, त्या दिवशी हिच्या वाट्याचे खोके मी चिकटवले, म्हणून साहेबाला कळलं नाय. घाटीत मीच नेलं हिला. डॉक्टर म्हणले, रगत कमी हाय. तवापासून ही मला अर्धा डबा देती. मी नको म्हणते. फुकटचं मला गिळत नाय."

मागून कुणीतरी खाकरलं. गावातला सांडू. बायकोला न्यायला आलेला.

"सोनाजीबुवा, पारावर काय ठरलं ते ध्यानात हाय ना?"

"हाय," सोनाजी म्हणाला. "मान मीच हलवली व्हती."

तेवढ्यात पारू आजोबाचं बोट सोडून पुढं गेली. मालनबाईपुढं उभी राहिली. "खाली बसा की," असं म्हणून तिनं तिला बसायला लावलं, आणि शिकवल्याप्रमाणं, हलक्या अंगठ्यानं, तिची खालची पापणी ओढली.

"पोरगी आवरा," सांडू म्हणाला.

सोनाजी हलला नाही.

"मेंढी समजली का गं मला?" मालनबाई डोळा न मिटता म्हणाली.

"घरी मला बी तीच समजत्यात," पदराआडून सखू म्हणाली. दोघी हसल्या. तेवढ्यानंही मालनबाईला धाप लागली.

पारू वळली. "आबा, हिचं पण पांढरं. आईपेक्षा पांढरं."

फाटकाजवळच्या बायका जवळ सरकल्या होत्या. सांडू बघत होता. सोनाजीनं खांद्यावरची घोंगडी सारखी केली. पारू त्याच्या तोंडाकडं बघत उभी होती, रोज सकाळी दावणीपाशी बघायची तशी.

"मंग?" त्यानं विचारलं. "काय करायचं?"

"आधी हिला चारायचं."

"व्हय," सोनाजी म्हणाला. मग मालनबाईकडं न बघता, रस्त्याकडं बघत बोलला, "बाई, माझी सून पात्यावर गेली असती. फुकटचं कसं म्हणता?"

मालनबाईनं मूठ उघडली. लाडू चुरला होता. तिनं तो खाल्ला.

परतताना मालनबाई त्यांच्याबरोबर वस्तीच्या वळणापर्यंत चालली. सांडू बायकोला घेऊन त्यांच्यापुढं निघून गेला होता, एकदाही मागं न बघता. तो आता सरळ पारावर जाणार, हे सोनाजीला कळत होतं. पारू मधून चालत होती, एक हात आईच्या हातात, एक मालनबाईच्या.

सकाळी अंधूक उजेडात सोनाजी शेळीखाली बसला. धारा तांब्यात वाजल्या. तांब्या भरला. हॉटेलवाल्याची बरणी बाजूला रिकामीच होती. घरात चूल पेटली होती आणि सखू डबा बांधत होती, हे भांड्यांच्या आवाजावरून कळत होतं.

"पारू, आईला सांग..." त्यानं सुरुवात केली. पारू अजून झोपली होती.

सोनाजीनं तांब्या खाली ठेवला. मग दाराकडं पाठ ठेवूनच म्हणाला,

"सखू, दुसरा डबा कुठंय?"

आतला आवाज थांबला. मग पावलं आली. त्याच्या उजव्या बाजूनं एक हात पुढं झाला, आणि दुधाच्या तांब्याशेजारी दुसरा डबा ठेवला. घासून लखलखीत केलेला. तो आधीपासूनच तयार होता.