मुक्या टेलिफोनने ऐकलेला सलाम

मित्रांनो, मला आता तार नाही. पोटात घंटा आहे, पण ती वाजत नाही. तरी ओळख द्यायची तर मी टेलिफोनच आहे, हिरव्या रंगाचा, बोटाने चकती फिरवायचा. शिरूर अनंतपाळजवळच्या एका शाळेत, दुसरीच्या वर्गातल्या खिडकीत सध्या माझा मुक्काम असतो.

दूरच्या एका कारखान्यात माझे सुटे भाग जोडले गेले. इकडचा शब्द तिकडे पोचवायचा, तो कोणत्या बोलीतला हे विचारायचं नाही, एवढंच मला ठाऊक. मग मी गुंडप्पा आजोबांच्या आडतीवर आलो. बाहेर तूर-हरभऱ्याची पोती पडायची आणि आत आजोबा कपाळाला विभूती लावून गादीवर बसायचे. बिदरकडच्या कानडी माणसाचा फोन आला की म्हणत, "शरणु." गावाकडचा शेतकरी असला की राम राम. उदगीरच्या मुसलमान व्यापाऱ्याने सलाम केला की आधी वालेकुम सलाम, आणि मगच तुरीचा भाव. एकदा आजोबांच्या मुलाने फोन घेऊन घाईत थेट भावच विचारला. आजोबा त्याला म्हणाले, "आरं, त्यानं सलाम केलाय. तो तसाच लटकून हाय तिकडं. आधी त्याला जवाब दे, मग भाव इचार." ते वाक्य माझ्या तारेत कायमचं राहिलं.

तेव्हा माझा मान मोठा होता. दसऱ्याला वजनकाट्याबरोबर मलाही विभूतीचं बोट लागे. पुढे खिशातले फोन आले. माझी तार कापली आणि मला गोदामात बारदानाखाली टाकलं. तिथे मी फार तळमळलो. ज्याचं काम बोलणं पोचवायचं, त्याला शांतता सोसत नाही.

आजोबांची नात मंजुश्री हिने मला तिथून काढून आपल्या वर्गात आणलं. तिच्या तारामतीबाईंना मी आवडलो. बाई फार नेमाच्या. पूजा झाल्याशिवाय चहा नाही, आणि चातुर्मासात मुक्याने जेवण. पहिला घास घेतल्यापासून उठेपर्यंत एक शब्द नाही. चुकून बोललं तर उरलेलं जेवण तिथेच सोडायचं. मुलांनाही ते ठाऊक होतं. खिचडीच्या वेळची भांडणं बाईंच्या नुसत्या डोळ्यांनी मिटत.

मुलांच्या घरी कुठे कानडी, कुठे दखनी. त्यांना शाळेची मराठी बोलता यावी म्हणून बाईंनी माझ्यासाठी एक संवाद केला आणि तो भिंतीवर लावला. मला उचलायचं आणि म्हणायचं, "नमस्कार. मी अमुक बोलत आहे. आपण कसे आहात?" एकेक मूल यायचं, घडाघडा म्हणायचं आणि जागेवर जायचं. मंजुश्री तर आजोबांसारखी मांडी घालून बोले.

जिक्राची पाळी आली की मात्र सगळं थांबे. ती बांगड्यांचं दुकान चालवणाऱ्या हनीफची मुलगी. दोन्ही हातांनी ती मला कानाला लावी, तिचे ओठ जरासे हलत, आणि ती वाट बघत उभी राही. बाई मायेने म्हणत, "बोल ना बाळा, घाबरू नको." मुलं खुसखुसत. जिक्रा मला खाली ठेवी.

मित्रांनो, ती गप्प नव्हती. हे एकट्या मला माहीत होतं. अगदी ओठांतल्या ओठांत ती म्हणे, "अस्सलामु अलैकुम." तिच्या घरी सलामाचं उत्तर आल्याशिवाय फोनवर पुढचं कोणी बोलत नाही. ती त्या उत्तराची वाट बघत असे. बाई धीर द्यायची घाई करत, आणि त्या धीराखालीच तिचा सलाम बुडून जाई. मला ओरडून सांगावंसं वाटे. पण माझी तार कापलेली.

एक दिवस बाईंनी तिच्या आईला, बिलकीसला बोलावलं. मुलगी बोलतच नाही, दिवाळीनंतर तिला पहिलीच्या मुलांत बसवावं लागेल, असं जड मनाने सांगितलं. बिलकीस पदर सावरून म्हणाली,

"बाई, घरी लई बोलती ती. शेळीशी बोलती, भांड्याशी बोलती. तिचे अब्बा म्हणून राहिले, हितं जमंना तर उदगीरला आत्याकडं, तिच्या फुफीकडं ठेवू, उर्दू शाळंत. बाई, माझ्याबिगर झोपत न्हाई ती."

त्यानंतर जिक्रा जवळून गेली की मला वाटे, आज तरी कोणी हिच्या सलामाला जवाब द्यावा.

मग एका दुपारी बाई खिडकीपाशी डबा उघडून बसल्या. जिक्राची खिचडी आधी संपली. हात धुऊन ती आली आणि कोणी न सांगता तिने मला उचललं. सलाम केला. थांबली.

आज कोणी "बोल ना" म्हणालं नाही. बाईंच्या तोंडात घास होता, त्यांना फक्त ऐकताच येत होतं. आणि त्यांनी ऐकलं. त्यांचा हात डब्यावरच थांबला. जिक्रा मला धरून तशीच उभी. बाईंनी एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. घास गिळला.

"वालेकुम सलाम," बाई म्हणाल्या. "कोण बोलतंय?"

मंजुश्री हळूच म्हणाली, "बाई बोलल्या. जेवताना बोलल्या."

"मैं जिक्रा बोलरी," जिक्रा म्हणाली. "बाई, आमच्या शेळीला दोन पिल्लं झाली. एक काला हाय, एक कबरा. काला मेरा है. तुमी कधी येता बघायला?"

बाईंनी तिला मध्येच थांबवलं नाही. शेळीला पाला कोण आणतं, एवढंच विचारलं.

"मैं... मी आणते," जिक्रा म्हणाली.

नेमाप्रमाणे बाईंनी डबा झाकला आणि त्या अर्धपोटी उठल्या. संध्याकाळी बिलकीस न्यायला आली तेव्हा तिला म्हणाल्या, "मी तिला धीर देत होते, बिलकीस. तिला उत्तर पाहिजे होतं." पहिलीत बसवायचा विषय तिथेच संपला. उदगीरचाही.

आता माझी मागणी ऐका. मला पुसलं नाही तरी चालेल, धुळीची सवय आहे. पण तुमच्या वर्गात कोणी गप्प दिसलं, तर लगेच "बोल, बोल" म्हणून त्याच्या मागे लागू नका. जरा कान द्या. त्याने केव्हाच सुरुवात केली असेल, आणि उत्तर आपल्याकडेच राहिलं असेल.

माझा जीव अजून थाऱ्यावर नाही. देगलूरकडून एक मुलगी नव्याने वर्गात आली आहे. घरी तेलुगू बोलतात म्हणे. मघाशी तिने मला उचललं आणि हळूच काहीतरी म्हणाली. अजून मला कानाशी धरून उभी आहे.