मडमआईचा पान्हा

मंगळवार होता, आणि मंगळवारी मडमआईला पान्हा फुटायचा.

छावणीच्या मागच्या माळावर गोऱ्या शिपायांचं जुनं कब्रस्तान आहे. एरवी तिथं शेळ्यासुद्धा नाइलाजानं चरायच्या. पण त्या चैत्रात सकाळपासून बैलगाड्या सुटल्या होत्या. शेंद्र्याचे लोक होते, सिल्लोडकडचे होते, पैठणच्या मोटारीतून उतरलेल्या बायका होत्या. नारळवाला होता, फुटाणेवाला होता आणि बिस्किटवालाही होता. हो, बिस्किटवाला! मडमला पुरणपोळी पचत नाही, तिला बिस्किटं आणि उकडलेली अंडी लागतात, असं कबरीशी ठाण मांडून बसलेल्या सोनाजीबुवांनीच सांगितलं होतं. नैवेद्य बुवा पडद्याआड नेत आणि ताट रिकामं होऊन बाहेर येई. भक्त म्हणत, आई जेवली. बुवांचं पोट महिन्याभरात धोतराबाहेर आलं होतं, तिकडं कुणाची नजर जात नव्हती.

मडमआईची कबर तशी देखणी. गुडघाभर उंच चौथरा, डोक्याशी काळ्या दगडाची उभी पाटी, पुढं फुलं ठेवायला दगडी कुंडा. पाटीवर बुवांनी वरपासून खालपर्यंत शेंदूर फासला होता. कुंड्यात कडुलिंबाचा पाला दाबून भरलेला असे.

"आण गं माय, लोटा आण! थंडगार पानी हाय ना? वत आईच्या पदरात!" बुवा ओरडत.

बाई कुंड्यात पाणी ओती. क्षणभर काहीच नाही. मग पाल्याखालून फसफस सुरू होई, वाफेचा लोट उठे, थंड पाणी रटरटा उकळू लागे आणि पाल्यातून पांढरंशुभ्र दूध वर येई.

"घेतला! लेकराचा सगळा दाह आईनं आपल्या अंगावर घेतला! बघा कशी पोळतीया माझी माय!" बुवा गळा काढत. "ही साधीसुधी मडम नव्हं बापहो. इंग्लंडच्या राणीची सख्खी मावसबहीण! देवीच्या साथीत हिनं गावाची शंभर लेकरं आपल्या दुधावर जगवली, अन् मग जित्ती समाधीत बसली. अजून पान्हा आटला नाय!"

देवीचा रोग म्हणजे अंगातली आग, हे लोकांना आज्यापणज्यापासून ठाऊक. मग आग दगडानं ओढून घेतली, तर पाणी उकळणारच की! डोळ्यांनी दिसत होतं. बायका हुंदके देत दंडवत घालत होत्या.

बुवांचे नियम तीनच. दूध कपाळाला लावायचं, तोंडात घालायचं नाही. हळद आणायची नाही, मडमला हळद चालत नाही. आणि सुई टोचलेलं लेकरू आणलंत, तर आई पाठ फिरवील.

हा तिसरा नियम बद्रीनाथच्या पोटावर नाही, काळजावर आला होता.

बद्रीनाथ म्हणजे देवी टोचणारा सरकारी माणूस. वय चोपन्न, खाली एक कुरकुरती सायकल, कॅरेजला पेटी, पेटीत बर्फाच्या थर्मासमध्ये लस. स्वतःचं तोंड देवीच्या वणांनी खडबडीत झालेलं. तीस वर्षं तो या भागात फिरत होता. निजामाचं राज गेलं, पोलीस अॅक्शनला दहा वर्षं झाली, सरकारं बदलली, साहेब बदलले. त्याला बघून दारं लावून घेणारी गावं मात्र तीच राहिली होती. कंटाळला होता माणूस. आताशा त्याला रागसुद्धा येत नसे. फक्त पाय दुखत.

आजही तो सरळ पुढं गेला असता. पण रांगेत त्याला आवडाबाई दिसली.

आवडाबाई माळाच्या कडेच्या वस्तीवरची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. खांद्यावर सहा वर्षांचा पुंजाराम, तोंडभर फोड, अंग तापानं फणफणलेलं. कडेवर दोन वर्षांची पुतळा, टकाटका बघणारी, एकदम निरोगी. मागं सासू भागूबाई, तोंडात पानाचा तोबरा.

"कधी उठलं याच्या अंगावर?" बद्रीनाथनं विचारलं.

"परवा सांजच्याला," आवडाबाई म्हणाली आणि नजर चोरली. फेब्रुवारीत तो वस्तीवर आला होता, तेव्हा पोरं शेळ्यांमागं गेली म्हणून तिनं सांगितलं होतं. त्याच वेळी धान्याच्या कणगीतून शिंक आली होती. बद्रीनाथनं ती ऐकली होती आणि पाय दुखत होते म्हणून तो निघून गेला होता.

"बाई, पोरगी याच्याशेजारी झोपते?"

"एकाच गोधडीत."

"मग ऐक. पोराला आता माझ्याकडं औषध नाही, खोटं बोलणार नाही. पण पोरीला आज टोचलं तर वाचवता येईल. आज, फार तर उद्या. हा बर्फ दुपारपर्यंत टिकतो. त्यानंतर लस म्हणजे नुसतं पाणी."

"नगं बाबा! सुई टोचली तर आई पुंज्याचा दाह घेनार नाय. एकीसाठी दुसऱ्याला मारू का मी?"

आई होती ती, वेडी नव्हती. तिच्या हिशेबी तिचंच बरोबर होतं. एवढ्यात बुवांनी त्याला हेरलं.

"या, या टोचनवाले! सरकारची सुई मोठी का आईचा पान्हा मोठा, ते आज होऊनच जाऊ द्या!"

लोक खो खो हसले. कुणीतरी सायकलची हवा सोडली. बद्रीनाथ चौथऱ्याच्या कडेला बसला. बसल्या बसल्या त्याचं लक्ष दगडावर सांडलेल्या दुधाकडं गेलं. सांडलेलं दूध उन्हात आंबतं, त्यावर माश्या बसतात. हे वाळून भिंतीच्या रंगासारखं पांढरं टणक झालं होतं, आणि माशी एकही नव्हती. त्याच्या मनात दुसरी शंका आली. देवीचं ठाणं, आणि हळदीला बंदी? तीस वर्षांत त्यानं देवीची शेकडो ठाणी पाहिली होती. नारळाशिवाय भागतं, पण हळदीशिवाय देवी? काहून?

तो उठला.

"भागूबाई, तुमच्या पानाच्या चंचीत चुन्याची डबी असेल ना? आणि कुणाकडं हळद आहे का? लपवून आणलेली चालेल."

हळद चौघींच्या कनवटीला निघाली. सवाष्ण बाई देवीला जाताना हळद घरी ठेवते होय! बद्रीनाथनं चिमूटभर हळद तळहातावर घेतली, बुवा "अरे, अरे" करेपर्यंत कुंड्यातलं निवलेलं दूध बोटानं घेऊन तिच्यात कालवलं. तळहात लालभडक झाला.

गर्दीतून एकच आरोळी उठली, "आईनं कुंकू दिलं!"

घ्या! बद्रीनाथनं कपाळावर हात मारला. उघडं पाडायला गेला तर चमत्कार दुप्पट झाला. बुवाही पक्के. "पाहिलं? सरकारच्या मानसालाबी परचिती आली!" म्हणून मोकळे.

"थांबा जरा. भागूबाई, आता तुमचा हात पुढं करा." त्यानं म्हातारीच्या तळव्यावर हळद ठेवली, तिच्याच डबीतला चुना तिला मळायला लावला. तळवा तसाच लालभडक झाला. "आता सांगा, तुमच्या डबीतबी मडमआई बसलीय का?"

भागूबाईनं आपला हात बघितला, त्याचा बघितला. मग कुणाला काही कळायच्या आत तिनं कुंड्यात बोट बुडवलं आणि जिभेवर टेकवलं. थू करून थुंकली.

"चुना हाय मेल्याहो! साठ वर्सं पान खातीया, मला शिकवू नका. दूध म्हनं दूध! ह्ये तर भट्टीचा चुना!"

"पण मग पानी उकळतं ते?" कुणीतरी विचारलं.

बद्रीनाथनं कडुलिंबाचा पाला उचकटला. खाली कळीच्या चुन्याचे अर्धवट विझलेले खडे होते. बुवांच्या अंगाऱ्याच्या पोत्यात हात घातला, तर वर राख आणि आत तेच खडे, भट्टीतून काढलेले, कोरडे. त्यानं दोन खडे आपल्या पितळी लोट्यात टाकले, वर विहिरीचं थंड पाणी ओतलं आणि लोटा जमिनीवर ठेवून मागं सरला. थोड्या वेळानं लोटा फसफसला, रटरटला, वाफा सोडू लागला आणि दूध उतू गेलं. ना कबर, ना मडम, ना मंत्र.

पुढच्याच रांगेत कडूबा गवंडी उभा होता. त्याचा जन्म चुना विझवण्यात गेलेला.

"कडूबा, तुला हे ओळखू आलं नाही?"

कडूबा खाली बघू लागला. "वासानं वळखलं व्हतं मास्तर. पर म्हनलं, देवाच्या जागी चुना कोन घालंल? माझंच नाक बिघडलं आसंल."

आता यावर कुणाला हसावं आणि कुणावर चिडावं? साऱ्या माळावर असे शंभरेक कडूबा उभे होते. प्रत्येकाच्या घरी दिवाळीला चुना विझत होता, प्रत्येकीला हळद आणि चुन्याचं लाल ठाऊक होतं. घरी माहीत असलेली गोष्ट त्यांनी कब्रस्तानाच्या फाटकाबाहेर ठेवली होती, चपलांसारखी.

"त्यो चुना मडमचाच परसाद हाय!" बुवा ओरडले, पण आवाजात दम नव्हता.

"बरं. मग मडमलाच विचारू," बद्रीनाथ म्हणाला. त्यानं खापरीनं पाटीवरचा शेंदूर खरवडायला सुरुवात केली. अक्षरं उघडी पडली, इंग्रजी. त्याचं शिक्षण उर्दू शाळेतलं, इंग्रजी जेमतेम. एकेक अक्षर लावत तो मोठ्यानं वाचत गेला.

"हॅरियट. सार्जंटची बायको. वय वीस वर्षं. आणि तिचा मुलगा, वय पाच महिने. साल अठराशे एक्केचाळीस. दोघं एकाच आठवड्यात गेली." खालचे दोन शब्द वाचायला त्याला इंग्रजीची गरजच पडली नाही. तीस वर्षं तो रोज आपल्या रजिस्टरच्या माथ्यावर तेच बघत आला होता. त्याचा आवाज खाली आला. "स्मॉल पॉक्स. देवी. या बाईला देवी आली होती, बायांनो. हिला आणि हिच्या तान्ह्याला. देवीनंच गेली ही."

लोट्यातला चुना तेवढा फसफसत होता.

"राणीची बहीण नाही, समाधी नाही, काही नाही. तुमच्यासारखीच एक आई. परक्या मुलखात पोराला मांडीवर घेऊन बसली असेल, ज्यानं जे सांगितलं ते केलं असेल. तिला तिचं लेकरू राखता आलं नाही. ती तुमची कशी राखणार? तिला आणखी कशाला छळता?"

आवडाबाई रांगेतून पुढं आली. मग तिनं पुंजारामला सासूच्या खांद्यावर दिलं, पुतळाच्या झबल्याची बाही वर केली आणि तो इवलासा दंड बद्रीनाथपुढं धरला.

"बरफ हाय का अजून?"

थर्मासमध्ये बोटाएवढा तुकडा उरला होता. पोरगी भोकाड पसरून रडली. तिच्यामागं दुसरी बाई आली, मग तिसरी. बर्फ संपेपर्यंत बद्रीनाथनं एकतीस दंड टोचले. तेवढ्यात बुवा मागच्या भिंतीवरून पसार झाले होते. दिवाळीच्या आत कळलं, ते जालन्याकडं एका पिंपळाखाली बसले आहेत आणि पिंपळ रडतो आहे. बद्रीनाथला नवल वाटलं नाही. फक्त खूप थकवा आला.

पुंजाराम नवव्या दिवशी गेला. पुतळाच्या दंडावर खपली धरली, पडली, आणि ती त्याच गोधडीत राहून धडधाकट राहिली.

"मीच लपवला व्हता कनगीत," आवडाबाई त्याला म्हणाली, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणीसुद्धा नव्हतं.

"शिंक मी ऐकली होती," बद्रीनाथ म्हणाला. "झाकण उघडायला हवं होतं." हे ओझं त्याच्याच्यानं शेवटपर्यंत खाली ठेवलं गेलं नाही.

पुढच्या फेब्रुवारीत तो वस्तीवर आला, तर पोरं दंड उघडे करून रांगेत उभी होती. काम उरकल्यावर आवडाबाईनं त्याला कब्रस्तानात नेलं. तिनं हॅरियटची पाटी धुऊन काढली होती. कुंड्यात चुना नव्हता, माती होती आणि मातीत झेंडू.

"बाकीच्यावर काय लिवलंय, ते वाचा की," ती म्हणाली.

बद्रीनाथनं आखडलेल्या गुडघ्यांवर हात ठेवत वाकून वाकून वाचलं. ढोल वाजवणारा पोरगा, वय सोळा, पटकीनं. एक बाई, बाळंतपणात. तीन भावंडं, एकाच महिन्यात, तापानं. आवडाबाई प्रत्येकाला "किती वर्साचं?" विचारत होती आणि बोटांवर मोजत होती. शेवटी ती म्हणाली, "एवढी समदी मेली, अन् आमी त्यांनाच जगवा म्हनत व्हतो."

लोकहो, माझं म्हणणंही यापेक्षा मोठं नाही. मेलेल्यांची आठवण ठेवा, त्यांच्या दगडावर फूल ठेवा, मन भरून आलं तर रडा. पण पाणी उकळलं तर आधी पाला उचलून बघा. नाकाला चुन्याचा वास आला तर नाकावर विश्वास ठेवा आणि तोंडानं बोला. आणि दगडापुढं आपले दोन्ही हात खुशाल जोडा, लेकराचा दंड तेवढा टोचणाऱ्याकडं द्या.