शून्याचं शेपूट

शून्याइतकी निरुपद्रवी वस्तू माणसाने आजवर दुसरी निर्माण केलेली नाही. निदान मंगळवार सकाळपर्यंत दाजींचं तसं ठाम मत होतं.

दाजी म्हणजे रुग्णालयातल्या कॉल-बेलचा प्रोग्राम सी भाषेत सांभाळणारे गृहस्थ. खात्याचा प्रमुख त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. तो दाजी म्हणे, म्हणून सगळी कचेरी दाजी म्हणे. पेशंटने बटण दाबलं की निरोप नर्सला, मग मोठ्या सिस्टरना, मग डॉक्टरांना जाई. आणि यादी संपली हे कळावं म्हणून शेवटी 'नल', म्हणजे कुठेच न नेणारा पत्ता.

जुन्या मशीनवर हे वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललं. नव्यावर निरोप डॉक्टरांपाशी थांबेना. तसाच पुढे घुसून प्रोग्राम आडवा होई. तोही कधीमधी. दाजी टक लावून बसले की गुणी बाळासारखा चाले, चहाला उठले की कोसळे. दाजींनी चहा सोडला.

"दाजी, दुपारी डीन येतायत," मेहुण्याने पुन्हा डोकावून सांगितलं. "नाही चाललं तर काम बाहेरच्यांना देणार. ताई मला घरात घ्यायची नाही."

"मला तरी कुठे घेणारेय!"

शेजारच्या टेबलावरच्या प्रोग्रामर बाई म्हणाल्या, "नव्या मशीनवरची नलची व्याख्या बघितलीत? नुसतं शून्य आहे."

"मग? शून्य म्हणजे शू..."

दाजींनी घाईघाईने ती व्याख्या उघडली. जुन्या मशीनवर पत्ता आणि साधा आकडा एकाच मापाचे होते. नव्यावर पत्ता दुप्पट लांब, आकडा होता तेवढाच. हे शून्य पत्त्याच्या जागी आकडा म्हणून जाई आणि अर्धीच जागा भरी. उरलेल्या अर्ध्यात आधीचा कचरा कधी असे, कधी नसे; असला की यादी संपली हे प्रोग्रामला कळतच नसे.

पूर्वी कुणीतरी अशा प्रत्येक शून्याआधी 'हा पत्ता आहे' अशी खूण लिहून ठेवली होती. दाजींनी गेल्या वर्षी ती फापटपसारा म्हणून सगळीकडून झाडून काढली, वर त्यावर खात्यात भाषणही ठोकलं.

"खुणा परत घालायला हव्यात," बाई म्हणाल्या.

"काढल्या कुणी?" दारातून मेहुणा.

बाई एकाएकी कीबोर्ड पुसायला लागल्या. कंपायलरवर, म्हणजे प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या यंत्रणेवर, ढकलून मोकळं व्हावं, असं दाजींच्या अगदी जिभेवर आलं.

"मी," ते म्हणाले. "नीटनेटकं दिसावं म्हणून."

"धन्य आहात. ताईला सांगू नका, आणि बसा आता घालत."

दुपारी डीननी स्वतः बटण दाबलं. निरोप तिघांना गेला आणि थांबला. दाजी मुद्दाम उठून बाहेर जाऊन आले, तरी थांबला. मेहुण्याचा जीव भांड्यात पडला. आठवडा संपायच्या आत नवं मशीन सगळ्या वॉर्डांना जोडलं गेलं.

वॉर्डात बटण खाटेच्या डोक्यामागे भिंतीवर आहे. तिथवर हात पोचत नसल्यामुळे पेशंट नर्सला हाक मारतात.