शोकाचा निचरा

नॅरवूल गावातल्या बायकांच्या मंडळाच्या हॉलमध्ये त्या शनिवारी अर्धं गाव पँटचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडून बसलं होतं. प्रत्येकापुढे टब, टबात मिठाचं पाणी, पाण्यात विजेच्या वायरला जोडलेली एक डबी. बघता बघता पाणी तपकिरी होई. माणसातलं दुःख तळपायांतून बाहेर पडत होतं. निदान डेन्झिल प्राइस तसं म्हणत होता, आणि त्याच्या पाटीवर 'थेरपिस्ट' असं लिहिलेलं होतं.

"दुःख जड असतं, म्हणून खाली उतरतं," तो टबांमधून फिरत समजावत होता. "हा काळा थर पश्चात्तापाचा. नारिंगी दिसतोय तो राग. आणि वर फेस आलाय ना, तो सासूचा."

गावच्या क्लबात पुरुष आता लोकरीच्या भावाऐवजी आपापल्या गाळाविषयी बोलत. म्हाताऱ्या केव्हचं पाणी मटणाच्या रश्शासारखं दाट निघालं, तेव्हा आठवडाभर त्याच्या बीअरचे पैसे बाकीच्यांनी भरले.

नरेल दाराशी उभी होती. तिने हयातभर गावच्या शाळेत विज्ञान शिकवलं होतं. तो रंग कशाचा हे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं, पण बोलवत नव्हतं, कारण पहिल्या रांगेत तिची धाकटी बहीण ग्लेनिस बसलेली असे. ग्लेनिसचा मुलगा ब्रॉडी नाताळच्या आदल्या दिवशी खडीच्या रस्त्यावर गाडी उलटून गेला. शेजारच्या शहरात ग्लेनिस एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे गेली होती. त्यांनी ही बसताक्षणीच त्या दिवसाबद्दल विचारलं आणि ही उठून आली. टब काही विचारत नसे.

पण आता डेन्झिलने तिला डॉक्टरांच्या गोळ्या बंद करायला लावल्या होत्या. गोळ्यांनी म्हणे निचरा तुंबतो. तेव्हापासून तिला झोप नव्हती. ताट पुढे आलं की ते दुसऱ्या कुणाचं असावं तशी ती बघत राही.

म्हणून नरेल त्या दिवशी क्लबच्या सोडतीत जिंकलेली मेंढीची तंगडी घेऊन आली होती. तिने ती एका मोकळ्या टबात अलगद ठेवली आणि बटण दाबलं.

पाणी नारिंगी झालं. मग तपकिरी. मग फेसही आला.

"बिचारीला सासू होती," केव्ह म्हणाला.

कत्तलीचा धक्का मांसात साचून राहतो, असं डेन्झिलने सांगून पाहिलं. दोघातिघांनी मानाही डोलावल्या. नरेलने तंगडी काढली, पाणी बदललं, नुसतं मीठ टाकलं. पुन्हा तपकिरी. हे हॉलचं दुःख, डेन्झिल म्हणाला. मग तिने टाकीतलं पावसाचं पाणी घेतलं, मीठ टाकलंच नाही, आणि स्वतःचे पाय आत सोडून बटण दाबलं. पाणी नितळच राहिलं.

"म्हणजे मला दुःखच नाही," ती म्हणाली. "ब्रॉडी माझा भाचा होता, डेन्झिल."

मग वर्गात सांगावं तसं तिने सांगितलं, की डबीत लोखंडाच्या पट्ट्या आहेत, मिठाच्या पाण्यातून वीज गेली की लोखंड झिजतं, आणि हा सगळा गंज आहे. डेन्झिल वायरी गुंडाळू लागला. लोक हसत पाय पुसू लागले.

ग्लेनिस उठली नाही.

"मला ठाऊक होतं गं," ती म्हणाली. "पाय घालायच्या आधीच पाण्याचा रंग बदलायला लागायचा."

"मग का येत होतीस?"

"तो बाहेर कशाला गेला होता, हे इथे कुणी विचारत नव्हतं." ती गढूळ पाण्याकडे बघत होती. "मी त्याला बर्फ आणायला पाठवलं. आणि बर्फ फ्रीजमध्ये होता, नरेल. मागे, मटारच्या पिशवीखाली."

हॉलमधलं हसू थांबलं. नरेलने खुर्ची ओढली आणि आपले पाय बहिणीच्या टबात घातले.

सोमवारी दोघी डॉक्टरांकडे गेल्या. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. मानसशास्त्रज्ञ मात्र दुसऱ्या शोधल्या. पहिल्या बाई वाईट नव्हत्या, ग्लेनिससाठी घाईच्या होत्या. या नव्या बाईंनी बर्फापर्यंत पोचायला तिला हवा तेवढा वेळ दिला.

नॅरवूलच्या देशात 'थेरपिस्ट' कुणीही आपल्या पाटीवर लिहू शकतो. मानसशास्त्रज्ञाचं नाव मात्र सरकारी नोंदणीत असावं लागतं, आणि ती कुणालाही बघता येते. तेव्हा बघा. काय शिकलात, माझ्याबरोबर नेमकं काय करणार, उपयोग होत नाहीये हे कसं कळेल, असं तोंडावर विचारा. जमलं नाही तर माणूस बदला, त्यात लाज नाही. आणि दुःखाचा रंग दाखवून कुणी डॉक्टरांची गोळी सोडायला सांगितली, तर आधी त्याच्या टबातून पाय काढा.

ग्लेनिस बरी झाली असं म्हणता येत नाही. ती झोपते, जेवते. पुढच्या नाताळच्या आदल्या दिवशी दोघी बहिणी त्याच खडीच्या रस्त्याने बर्फ आणायला गेल्या. फ्रीजमध्ये होता, तरी.