सरकीतली ऊब

अंडी तेरा होती. नऊ बदामी, तीन पांढुरकी आणि एक, अगदी कडेचं, इतकं फिकट की त्यावरची कोळशाची रेघ अंगणातूनही दिसावी. रेघ प्रत्येकावर होती. उबवायला बसवलेली अंडी आणि मागून घातलेली अंडी यांची गल्लत होऊ नये म्हणून सासूनं, हलीमाबीनं, एकोणीस दिवसांपूर्वी ती ओढली होती. काल दिवस मावळताना जहाँआरानं तेराही अंडी अशी ठेवली होती की सगळ्या रेघा वर याव्यात. आता सकाळच्या तिरप्या उन्हात वर रेघा दिसत होत्या सात. तिनं पुन्हा मोजल्या. सातच. उरलेली सहा अंडी रात्रीतून कूस बदलून निजली होती.

आणि कोंबडी तर काल सकाळपासून त्यांच्यावर नव्हतीच.

काबरी काल उजाडता उजाडता घरट्यातून उठली होती ती पुन्हा बसलीच नाही. धरून बसवली की पाय झाडायची, चोच उघडून हिस्स् करायची, जणू कुणी तिला परक्याच्या अंथरुणात ढकलत होतं. रात्रभर ती खुराड्यात होती. खुराड्याच्या दाराला दगड होता, आणि तो दगड जहाँआरानं आत्ताच, तोंड धुण्याआधी, काढला होता. हलीमाबी तिच्या शेजारीच निजली होती. मांजर आलं असतं तर अंडी उरली नसती… मग सहा अंडी फिरवली कोणी?

तिनं तळवा ठेवला. अंडी गरम होती.

तिनं तो तिथेच राहू दिला. वाकून उभं राहणं आता जड जात होतं, आठवा महिना सरत आला होता, तरी ती वाकून राहिली आणि ती ऊब मनगटातून कोपरापर्यंत चढू दिली. एक पूर्ण दिवस आणि एक पूर्ण रात्र कुणी न बसता ही गरम राहिली होती. म्हणजे आतूनच. म्हणजे आत जे होतं ते स्वतःच्या बळावर… तिनं दुसरा हात स्वतःच्या पोटावर ठेवला. तेही गरम होतं.

परवा दुपारपासून तिच्या पोटातलं बाळ हललं नव्हतं.

हे तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं. नवरा, अय्युब, कापसाच्या गाड्या घेऊन खामगावच्या पेठेला गेला होता. सासूला सांगायचं तर तोंड उघडलं की ते खरं होणार होतं. म्हणून परवा रात्री तिनं, कोणाशी ते तिलाही ठाऊक नव्हतं, एक करार केला होता: ही अंडी जगली तर तेही जगेल. काल कोंबडी उठली तेव्हा तिला करार मोडलासं वाटलं होतं. आणि आता ही ऊब. मी म्हणतच होते, ती मनात म्हणाली, मी म्हणतच होते…

पडवीत सरकीचा, कापसाच्या बियांचा, ढीग कमरेएवढा होता. त्यातच खळगा करून घरटं केलेलं. हिवरखेडात यंदा घरोघरी असे ढीग होते. दूर, साहेबाच्या मुलखाच्याही पलीकडे कुठेसं भांडण लागलं होतं म्हणे, आणि तेव्हापासून साहेबाला इथलाच कापूस लागायचा; गावातला कापूस गावात राहातच नव्हता. बायका दिवसभर सरकी काढायच्या रेच्यावर बसायच्या, लाकडाच्या दोन लाटांमधून रुई पुढे जायची, सरकी मागे पडायची; रुई गाडीत, सरकी घरात. पिंजाऱ्याच्या घरी पिंजायला कापूस नव्हता. अय्युबची धुनकी, कापूस पिंजायचं धनुष्य, भिंतीला टांगून तीन हिवाळे झाले होते. रस्त्यावरून भरलेली गाडी गेली की तिची तात, ताणलेली आतड्याची दोरी, आपोआप घुमायची — हूंऽऽ — कोणी न छेडता. पहिल्या वर्षी जहाँआरा दचकायची. आता तो आवाज थांबला की दचकायची.

"दुल्हन, काय करून राहिली तिथं?" हलीमाबी अंगणातून ओरडली. "अंड्यायले नजर लावतं का?"

"गरम आहेत, अम्मा. अजून गरम आहेत."

"हो?" म्हातारी आली नाही. तिच्यासमोर गोदाबाई होती, रामराव कुणब्याच्या घरची, डोक्यावर कापसाचं गाठोडं घेऊन आलेली, आणि गोदाबाई आली की तिचं ऐकून घेतल्याशिवाय सुटका नसायची.

"काहून वं हलीमाबी," ती म्हणत होती, "तुया घरी आता कोंबडीबिगर पिल्लं निंगून राहिले म्हणतेत? मले बी शिकव. मायी कोंबडी खाते लय अन् बसते कमी. मायावानी."

"तू तं बसतंच हायेस की, सकाळपासून."

"आता उठते, बाई. सून काय म्हणते? हालते का लेकरू?"

हा प्रश्न अंगणातून पडवीत आला. जहाँआराचा हात अजून अंड्यांवर होता.

"लाथा मारतं," ती मोठ्यानं म्हणाली. "रात्रभर झोपू देत नाही."

"मंग पोरगाच हाय," गोदाबाई म्हणाली, आणि दोघी हसल्या.

खोटं इतकं सहज निघालं की तिला स्वतःलाच क्षणभर ते ऐकू आलं, लाथ, उजवीकडे, बरगडीखाली, नेहमीच्या जागी… तिनं वाट पाहिली. आत काही नव्हतं. आत म्हणजे कुठे? पाणी भरलेल्या घागरीच्या आत काय असतं? पाणी असतं. तिला वाटलं आपण एक भरलेली वस्तू आहोत, नीट ठेवलेली, आणि ठेवणारा निघून गेला आहे.

गोदाबाई गेल्यावर हलीमाबी पडवीत आली. तिनं अंड्यांना हात लावला नाही. ती आधी काबरीकडे बघत राहिली. काबरी उंबऱ्याबाहेर, तीन हातांवर, मान तिरकी करून उभी होती. घरट्याकडे बघायची, एक पाऊल उचलायची आणि ते तसंच हवेत धरून राहायची.

"काल कितीदा पाणी शिंपडलं तू?" हलीमाबीनं विचारलं.

"रोजच्यासारखं."

"रोजचं म्हंजे?"

शेवटच्या दिवसांत हवा कोरडी असली तर अंड्यांवर पाण्याचा हात फिरवायचा, नाहीतर कवचाखालचं पातळ वाळून पिल्लाला आवळतं, हे हलीमाबीनंच शिकवलं होतं. एकदा, बोटं ओली करून. जहाँआरा सात दिवस रोज चार-पाचदा शिंपडत होती. ओंजळीनं. तिला ते करताना बरं वाटायचं. ती 'ओंजळीनं' असं म्हणाली नाही, पण हलीमाबीनं बाही सारली आणि घरट्याच्या बाजूनं सरकीत हात घातला, मनगट, मग कोपर, आणि झटकन बाहेर काढला.

"हात घाल," ती म्हणाली.

जहाँआरानं घातला. वरची सरकी नुसती कोमट होती. एक वीत खाली ती दमट होती, आणि तिथे… तिथे कोणी तरी होतं. असंच वाटलं तिला, कोणी तरी आत निजलं आहे, ताप चढलेला, घामेजलेला, आणि आपण त्याच्या काखेत हात घातला आहे. बोटांना वास आला, आंबलेला, तेलकट, गोड.

"ओली सरकी तापते," हलीमाबी म्हणाली. "ढोरायची सरकी अशीच जळते कवा कवा. काबरीले खालून चटके बसून राहिले होते, म्हणून उठली बिचारी. मी तिलेच शिव्या देऊन राहिली काल."

"पण फिरली कशी? सहा अंडी फिरली, अम्मा."

"सरकी खचली असंल."

"सगळी एका पातळीला होती. मी बघितलं."

हलीमाबीनं तिच्याकडे पाहिलं, जरा जास्त वेळ. "तू लय बघतंस," ती म्हणाली. "परात आण. अन् कोमट पाणी. लय गरम नको."

जहाँआरा पाणी तापवायला चुलीपाशी बसली. बोट बुडवून बघत होती आणि दुसऱ्याच एका पाण्याची आठवण येत होती. दोन वर्षांपूर्वीचं, न्हाणीतलं, ज्यात त्यांनी तिच्या मुलीला धुतलं. पूर्ण दिवसांची मुलगी. रडली नव्हती. सुईण हात धुऊन घेत होती आणि जहाँआरा एकच म्हणत होती, बघा, गरम आहे, अंग गरम आहे तिचं, झोपली असेल… तिनं तिला छातीशी धरून ठेवलं होतं. दुपार टळेपर्यंत. कोणी मागितलं तरी दिलं नाही. आणि तेव्हा कळलं नव्हतं ते आता, चुलीपुढे, बोट पाण्यात असताना, अगदी साधेपणानं कळलं: ती ऊब मुलीची नव्हती. माझीच होती. मी तिला देत होते आणि परत तिच्याकडून घेत होते आणि मोजत होते.

पाणी कोमट झालं होतं.

परातीतलं पाणी स्थिर व्हायला वेळ लागला. हलीमाबीनं पहिलं अंडं हळूच सोडलं. ते बूड वर करून तरंगलं. दोघी वाकल्या. आतलं पिल्लू जिवंत असेल तर अंडं आपोआप डुलतं. मेलेलं अंडं नुसतं तरंगतं. "तीस मोज," हलीमाबी म्हणाली. जहाँआरा मोजू लागली. नवव्या आकड्याला अंडं हललं, किंचित, झोपेत कोणी मान वळवावी तसं, आणि त्याच्याभोवती एक बारीक कडं उमटून परातीच्या काठापर्यंत गेलं.

"हं," हलीमाबी म्हणाली.

दुसरं हललं नाही. तिसरं हललं नाही. चौथं सोळाला. मग पाच अंडी ओळीनं अशी गेली की पाणी आरशासारखं राहिलं. त्यात दोघींचे चेहरे होते आणि त्यांच्यामध्ये ते अंडं. दहावं लगेच हललं. अकरावं… अकराव्याला तीस झाले, हलीमाबीनं हात पुढे केला, बोट पाण्याला लागलं, आणि त्याच वेळी अंडं डुललं.

"हललं!"

"माया हातानं हललं."

"आधी हललं, अम्मा. आधी."

"आधी तं तू मोजून राहिली होती, तवा नाही हललं," हलीमाबी म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. तिनं ते न हललेल्यांत ठेवलं. बारावं हललं नाही. तेरावं, ते फिकट, हललं.

चार एकीकडे. नऊ एकीकडे. चार अंडी हलीमाबीनं राखेच्या टोपलीत ठेवली आणि काबरीला दाखवली. काबरी सरळ चालत आली, पिसं फुलवली आणि बसली, जणू मधला दिवस झालाच नव्हता. नऊ अंडी जमिनीवर पदराच्या कोपऱ्यावर होती. त्यांतून आवाज आला. चिवचिव नव्हे… नखानं कोणी मडक्याला आतून खरवडावं तसा, एकदाच.

दोघींनी ऐकला. मग जहाँआरानं एकेक अंडं कानाला लावलं, नऊही, प्रत्येकाला पुरेसा वेळ देत. एकात स्वतःच्या कानातल्या रक्ताचा आवाज आला. तो सगळ्यांतच येत होता.

"फोडून पायल्याबिगर समजत नाही," हलीमाबी म्हणाली.

"नका फोडू."

पण म्हातारीनं त्यातलं एक उचललं होतं, अकरावं होतं की दुसरं ते आता सांगता येत नव्हतं, आणि चुलीच्या दगडावर टिचकं देऊन कवच सोललं. आत पिल्लू पूर्ण होतं. पायांची नखंसुद्धा. मान पंखाखाली, चोच वरच्या बाजूला, निघायच्या तयारीत. ओली काळी पिसं अंगाला चिकटलेली, आणि कशातच हालचाल नाही. हलीमाबीनं ते जहाँआराच्या तळहातावर ठेवलं.

"गरम आहे," जहाँआरा म्हणाली.

"गरम तं सरकी बी हाये, दुल्हन."

हे ती कशाबद्दल म्हणाली? म्हातारीचे डोळे पिल्लावर होते. मग ते वर आले आणि जहाँआराच्या पोटाशी थांबले, आणि तिथून लगेच हलले. तिला ठाऊक होतं का? किती दिवसांपासून? गोदाबाईबरोबर हसली तेव्हाही?… जहाँआरानं पिल्लू खाली ठेवलं, हात पदराला पुसला आणि ती उठून आत गेली. 

आत दुपारचा थंडावा होता. ती चटईवर उताणी झाली. तिला वाटलं होतं आपल्याला रडू येईल, पण रडण्याच्या जागी एक कोरडी, स्वच्छ जागा होती, झाडून घेतलेल्या अंगणासारखी. तळवा पोटावर ठेवायचा नाही, एवढं तिला पक्कं समजलं होतं. तळवा खोटं बोलतो. तळव्याला जे हवं तेच तळव्याला लागतं. कराराचंही आता तिला काही वाटत नव्हतं. तेरातली चार म्हणजे जगली की मेली, हे करारात ठरलंच नव्हतं. प्रश्न एकच उरला होता आणि तो अंड्यांचा नव्हता, कोणाकडे मागण्याचाही नव्हता. तो बघण्याचा होता.

रेच्यापाशी आज सकाळची रुई पडली होती. तिनं हात लांबवून एक पुंजका घेतला, बोटांनी उकलत गेली, उकलत गेली, इतका की त्यातून छताची काठी दिसावी. कुडती वर केली. बेंबीच्या वर दोन बोटांवर तो पुंजका ठेवला, हात दोन्ही बाजूंना जमिनीवर पसरले, आणि मान उचलून नजर त्यावर लावली. दार लोटलेलं होतं. वारा नव्हता. पुंजका श्वासाबरोबर वर-खाली होत होता, म्हणून तिनं श्वास रोखला आणि मोजायला सुरुवात केली.

चाळीसपर्यंत मोजलं. पुंजका दोनदा हलला, बाराव्या आकड्याला आणि एकतिसाव्या. बाराव्या आकड्याला धुनकीची तात गप्प होती. एकतिसाव्या आकड्याला बाहेरून गाडी जात होती.