मताच्या रांगेतली बादली

मी एक बादली बोलतेय. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात. माझ्यात सध्या उथळसुद्धा पाणी नाही, त्यामुळं किती बोलीन त्याचा नेम नाही.

तसा माझा जन्म पाण्यासाठी झालाच नव्हता. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात साच्यातून बाहेर पडले तेव्हा माझ्यात तांबडा रंग भरला आणि वर घट्ट झाकण लावलं. मला घेऊन गेला कचरू पेंटर. निवडणुका आल्या की त्याचे दिवस बरे जायचे. गल्लीबोळातल्या भिंतींवर तो उमेदवारांची नावं आणि वचनं रंगवायचा. माझ्यातल्या रंगानं त्यानं जे पहिलं वाक्य लिहिलं ते असं होतं : ‘घरोघरी नळ, आप्पासाहेबांचं बळ!’

म्हणजे बघा, माझ्यात पाणी यायच्या आधी पाण्याचं वचन आलं. शेवटच्या ‘बळ’ला रंग पुरला नाही म्हणून ते जरा फिकं उमटलं. कुंचल्याला आला नाही तो रंग माझ्या तळाला वाळून बसला. त्याची जाड खपली झाली. ती पुढं कोणालाच निघाली नाही. वाळूनं घासली, राखेनं घासली, भामाबाईनं तर उलथन्यानं खरवडली. वचन लई चिवट निघालं.

भामाबाई ही कचरूची बायको. रंग संपल्यावर मी तिच्या घरी पाण्याला लागले.

घर विमानतळाच्या भिंतीमागं, जलसागर नगरात. हसू नका. वस्तीचं नाव खरंच जलसागर नगर होतं. आप्पासाहेबांनी वावर घेतलं, त्याचे गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे पाडून विकले आणि नाव ठेवलं. माणूस विनोदी असावा. वस्तीत ना नळ, ना विहीर. एक हातपंप होता, तो दाबला की आधी गरम हवा यायची आणि मग थंड हवा यायची. त्या सालीही पावसानं दांडी मारली होती. गावाकडची माणसं गुरं विकून शहरात येत होती, आणि शहर त्यांना जलसागर नगरात आणून सोडत होतं.

पाणी यायचं टँकरनं. चार दिवसांनी, कधी आठ दिवसांनी. आणि इथं मला माझं खरं काम कळलं. बादलीचं काम पाणी भरणं, असं तुम्हाला वाटत असेल. नाही. बादलीचं काम रांगेत उभं राहणं. बाया सकाळीच आपापली भांडी ओळीनं लावून घरी जायच्या. भांडं म्हणजे माणूस. माझ्या जागी कोणी दुसरी बादली सरकवली तर त्या बाया असा दंगा करायच्या की विमानातल्या माणसांनी खाली वाकून बघावं.

या रांगेवर नजर ठेवायची भामाबाईची सून, रत्नमाला. नवरा सुयश शेंद्र्याच्या कंपनीत, आणि ही घरी ब्लाउज शिवायची. मशीन चालवता चालवता तिला वस्तीतल्या सगळ्यांचं सगळं ठाऊक असायचं. कोणाची म्हातारी एकटी आहे, कोणाच्या घरी बाळंतीण आहे. त्यांची भांडी पुढं, आणि स्वतःची बादली, म्हणजे मी, कायम शेवटी.

भामाबाई चिडायची. “रत्ना, आपल्यापस्तोर टँकरात नुसता गाळ उरतो गं!”

“आत्याबाई, ज्याच्या हातात रांग त्यानं पुढं घुसलं की मग रांग राहत नाय,” रत्नमाला म्हणायची.

ह्या एका वाक्यानं तिचा घात केला. पण ते पुढं सांगते.

एकदा ती मला घेऊन वॉर्ड ऑफिसात गेली. साहेब जागेवर नव्हते. शिपाई म्हणाला, नंतर या. तिनं मला साहेबाच्या दारात ठेवलं.

“हे काय?” शिपाई म्हणाला.

“माझा नंबर लावलाय. साहेब आले की सांगा, बादली थांबलीय.”

मी तिथं आठवडाभर थांबले. लोक माझ्यात पानाच्या पिचकाऱ्या मारायचे. शेवटी साहेब मला अडखळून पडायला आले, तेव्हा त्यांनी रत्नमालाला बोलावलं आणि खरं काय ते सांगितलं. जलवाहिनी मंजूर होती. कागदावर जलसागर नगरातूनच जात होती. पण वॉर्डातला पाइप आधी कुठं टाकायचा हे नगरसेवक सांगतो, आणि नगरसेवक आप्पासाहेबांनी तो जालना रोडच्या बाजूला, आपल्या नव्या प्लॉटिंगकडं वळवला होता. तिथं अजून घरंही नव्हती. नळ तेवढे लागले होते.

त्या दिवशी रत्नमालानं ठरवलं, निवडणुकीला उभं राहायचं.

वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला होता. आप्पासाहेबांनी बायकोला उभं केलं. सारजाबाई. त्यांना वॉर्डात कोणी पाहिलेलं नव्हतं. बॅनरवर आप्पासाहेब हात जोडून उभे, आणि कोपऱ्यात टिकलीएवढ्या सारजाबाई. रत्नमाला अपक्ष. तिनं चिन्ह मागितलं नळ. नळ दुसऱ्याच एका अपक्ष बाईला गेला, आणि हिला मिळाली बादली. नळवाली बाई पुढं प्रचाराला आलीच नाही. नळाच्या स्वभावाला धरूनच होतं ते.

अशी मी राजकारणात आले. रत्नमाला मला डोक्यावर घेऊन घरोघरी फिरायची. कचरूची मात्र पंचाईत. सकाळी तो आप्पासाहेबांच्या भिंती रंगवायचा आणि दुपारी सुनेच्या. कोणी टोकलं तर म्हणायचा, “रंग त्यांचा, हात माझा. पण बादली बघा, कोणती चांगली निघालीय!” खरंच, भिंतीवरची मी माझ्यापेक्षा देखणी होते. तिच्यात काठोकाठ पाणी होतं.

लोक भरल्या डोळ्यांनी म्हणायचे, “ताई, औंदा तुमीच.” मला वाटलं, जमतंय. बादल्या भोळ्या असतात.

मतदानाच्या दिवशी रत्नमालानं घरात सांगून ठेवलं, आधी म्हाताऱ्या, बाळंतिणी, कामावर जाणारे. आपल्या घरचे शेवटी. तिनं, सुयशनं, कचरूनं दुपारून मत दिलं. भामाबाई दिवसभर एकेका म्हातारीला धरून शाळेतल्या बूथवर पोचवत होती. स्वतः रांगेत लागली तेव्हा उन्हं कलली होती आणि तिच्या मागं कोणी नव्हतं. हातात मी. मला ती कुठंही न्यायची. पाणी कुठं भेटंल सांगता येत नाही, म्हणायची.

आणि तेवढ्यात वस्तीच्या पार त्या टोकाला टँकरचा भोंगा वाजला.

सहा दिवस टँकर नव्हता. तो नेमका तेव्हाच का आला, हे मी सांगू शकत नाही. मी बादली आहे. एवढंच सांगते की टँकरवर आप्पासाहेबांचा भाऊ बसला होता.

रांगेतल्या बाया चुळबुळायला लागल्या. काही पळाल्या. भामाबाईनं एकदा शाळेच्या दाराकडं बघितलं, एकदा भोंग्याकडं. घरात प्यायला तांब्याभर पाणी नव्हतं. मग तिनं तेच केलं जे ती इतकी वर्षं करत आली होती. तिनं मला रांगेत ठेवलं.

पुढच्या बाईला म्हणाली, “माय, माजा नंबर हाय हितं. घरून घागर घेते, भरते, आन् आलेच.”

आता तुम्ही म्हणाल, मला टँकरला लावायचं आणि स्वतः मताला उभं राहायचं. पण टँकरला हाणामारी असते, तिथं माणूसच लागतं. मताची रांग सभ्य. तिथं बादलीला कोण लाथ मारणार? तिचा हिशेब चुकला नव्हता. रांगेचा कायदा वेगळा निघाला.

साडेपाच वाजले. दार लावायची वेळ. जे आत रांगेत आहेत त्यांना चिठ्ठ्या देऊन मत देऊ द्यायचं असतं. अधिकारी मागून चिठ्ठ्या वाटत निघाले. सगळ्यात मागं मी.

“ही कोणाची?”

“भामामावशीचा नंबर हाय साहेब,” पुढची बाई म्हणाली. “द्या तिच्यात चिठ्ठी टाकून.”

“बाई, नंबर माणसाचा असतो.”

“टँकरला तर बादलीचाच असतो!”

“इथं बादलीला मत देता येत नाही.”

तेवढ्यात आप्पासाहेबांचा पोलिंग एजंट रामकिसन ओरडला, “साहेब, अवो ह्ये तर चिन्ह हाय! बूथाच्या आत प्रचार चाललाय! जप्त करा!”

“अरे रामकिसन, तुझी माय बी ह्याच बादलीनं पाणी उसनं नेती की रं!” बाई म्हणाली.

“मायचं सोडा. कायदा बोला.”

मग पंचनामा झाला. ‘प्लास्टिकची बादली, जुनी, रिकामी.’ माझ्याबद्दल सरकारनं लिहिलेलं हे एकमेव वाक्य, आणि त्यात एक शब्द खोटा नाही.

भामाबाई आली तेव्हा कमरेवर भरलेली घागर होती आणि दाराला कडी. तिनं दार वाजवलं. दार उघडलं नाही. ती तिथंच पायरीवर घागर धरून बसली. सहा दिवसांनी मिळालेलं पाणी, पण तिनं घोटभर प्यायलं नाही.

मला मतदानाच्या मशीनसोबत पोलीस बंदोबस्तात नेलं. मतमोजणीच्या दिवशी निकाल लागला. रत्नमाला आणि सारजाबाईंना मतं सारखी. पुन्हा मोजली. सारखीच.

अशा वेळी कायद्यानं चिठ्ठी काढायची असते. अधिकाऱ्यांनी दोन चिठ्ठ्या लिहिल्या, घड्या घातल्या, आणि मग विचारलं, टाकायच्या कशात? एकानं हेल्मेट दिलं, त्यात घाम. एकानं डबा दिला, त्यात वरण. मग शिपायाला कोपऱ्यात मी दिसले.

“हरकत!” रामकिसन म्हणाला. “ते त्यांचं चिन्ह हाय.”

“मग झाकू,” अधिकारी म्हणाले, आणि मला रद्दी पेपर गुंडाळला. पेपरावर पानभर जाहिरात होती : ‘घरोघरी नळ, आप्पासाहेबांचं बळ!’ आत त्या वाक्याची खपली, बाहेर ते वाक्य. फिरून मी जन्माला आले तिथंच उभी.

चिठ्ठ्या माझ्यात पडल्या. अख्ख्या वॉर्डाचं पाणी माझ्या तळाशी होतं, आणि ते कागदाचं होतं. कोणती कोणाची, मला ठाऊक होतं. मला हलवलं, आणि रत्नमालाची चिठ्ठी सरकून त्या तांबड्या खपलीच्या फटीत जाऊन बसली. मी जीव खाऊन प्रयत्न केला. बादलीचा प्रयत्न बाहेरून दिसत नाही. अधिकाऱ्यांनी हात घातला, चाचपलं, आणि जी मोकळी होती ती उचलली.

“सारजाबाई.”

बाहेर फटाके. हार आप्पासाहेबांच्या गळ्यात. सारजाबाई पहिल्यांदाच लोकांत आल्या होत्या, पदर सावरत एका बाजूला उभ्या. सगळे बाहेर धावले तेव्हा त्या माझ्याजवळ आल्या, वाकल्या, फटीतली चिठ्ठी नखानं काढली आणि रत्नमालाच्या हातात दिली.

“ही तुमची.” मग इकडंतिकडं बघून हळूच म्हणाल्या, “बाई, मी तुमालाच मत दिलं होतं. तरी असं झालं.”

रत्नमालानं चिठ्ठी पदराच्या टोकाला बांधली. जे रोज तिच्याकडं पाणी मागायला यायचे ते तिला विसरले, आणि जिनं तिला हरवलं तिला कळलं होतं कोणाला मत द्यायचं ते.

घरी भामाबाई चुलीपुढं बसली होती. “म्या मेली पाण्याला गेले,” एवढंच म्हणाली.

“आत्याबाई, त्याच पाण्याचा चहा घेतला ना सगळ्यांनी?” रत्नमाला म्हणाली. “मग झालं तर.” आणि मशीनवर बसली. त्या दिवशी तिनं एकच शिवण घातली आणि उसवली, घातली आणि उसवली.

पाइप जालना रोडकडंच गेला. तिथं आता उंच उंच इमारती आहेत, ‘लेक व्ह्यू’ नावाच्या. लेक हर्सूलला आहे, तिथून दिसत नाही. जलसागर नगरात अजून टँकर येतो. मधे तर पाच-सहा वर्षं निवडणूकच झाली नाही. नगरसेवकच नाही. आप्पासाहेब वाईट होते, पण त्यांच्या दारात जाऊन शिव्या तरी देता येत होत्या. आता शिव्या द्यायच्या तर पत्ता कोणाचा? बाया ऑफिसात जायच्या, तिथून दुसऱ्या ऑफिसात. शहराचं नाव बदललं. माझं नाव तेच, आणि टँकरचा भोंगाही तोच.

यंदा निवडणूक आली. बाया रत्नमालाकडं आल्या, म्हणाल्या, “ताई, उभ्या राहा.” ती मशीनवरून उठली नाही. “माझा नंबर गेला,” म्हणाली. “दुसऱ्या कोणी लावा.” दुसऱ्या कोणी लावला नाही.

माझ्या बुडाला आता चीर गेलीय. पाणी टिकत नाही. तरी टाकलं नाही मला. नंबर धरायला भांडं फुटकं असलं तरी चालतं.

तेव्हा बाबांनो, मी सांगते ते ऐका. जो माणूस रांगेत आपली बादली शेवटी ठेवतो, तो रोज सापडत नाही. सापडला तर त्याच्यासाठी स्वतः जाऊन उभं राहा. माझ्यासारखीला ठेवून जाऊ नका. मी दिवसभर उभी राहीन, पण बटण दाबायला मला बोट नाही.

आज मतदान आहे. भामाबाई आता पार वाकलीय. पण सकाळी शाळेचं दार उघडायच्या आधी जाऊन ती मताच्या रांगेत पहिली उभी राहिली, आणि मला टँकरच्या रांगेत ठेवून गेली. यंदा म्हणे चार वॉर्डांचा एक प्रभाग झाला, म्हणून एकेकाला चार-चार मतं द्यायची होती. ती परत आली, बोटाला शाई, आणि माझ्याजवळ जमिनीवर टेकली.

“चारीबी ठिकाणी बघितलं,” ती मला म्हणाली. माणसं म्हातारी झाली की भांड्यांशी बोलतात. “बादली कुटंच नव्हती गं.”

मग तिनं रस्त्याकडं बघितलं. टँकर आलेला नाही. आम्ही दोघी बसलोय. आज आमचा नंबर पहिला आहे.